तिसऱ्या दिवसाची गाठ

तुलाराम ढोरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता. ढोर पाडणं, जखम धुणं, सुई टोचणं, एवढंच त्याचं काम. पण दिघोरीकडच्या वस्त्यांवर लोक त्याला डाक्टर म्हणत. त्याच्या सायकलची घंटी गायी ओळखत आणि पळत.

१९८१च्या जेठ महिन्यात घटसर्पाची नवी लस आली. जुन्या लशीचा जोर पावसाळा संपेपर्यंतही टिकत नसे. ही तेलातली होती. दुधासारखी पांढरी, दाट. मांसात खोल टोचायची. तेल सावकाश मुरतं म्हणून वर्षभर पुरते, असं साहेबांनी सांगितलं होतं. टोचल्या जागी गाठ येते, हेही सांगितलं होतं. पंचवीस घरांच्या एका टोलीवर तुलारामनं बावीस बैलांच्या मानेत सुई घातली. गाठीचं सांगायचं तेवढं राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी माना सुजल्या.

घटसर्पात गळाच सुजतो. आणि गळा सुजला की टोलीवर एकच इलाज होता. विळा लाल करायचा आणि डागायचं. पुढच्या गावाची लस घेऊन तुलाराम त्याच टोलीवरून चालला होता, तेव्हा तिथल्या श्यामरावच्या जोडीतला एक बैल दाव्यांनी पाडलेला होता. चामडं जळाल्याचा वास होता. बैल ओरडत नव्हता, घुरघुरत होता.

"थांबा जी!" तुलाराम विळ्याच्या आड गेला. "ते दवाईची गाठ आहे. ताप नाही त्याले. तो दुसरा पाहा नं, रवंथ करून राहिला."

"तूच रोग भरला बे सुईतून," श्यामराव म्हणाला.

"दवाई चांगली आहे, तर घे नं तुले टोचून," मागून कोणी हसलं.

चौघांनी त्याला त्या बैलाशेजारीच पाडलं. छातीवर गुडघा आला. पिशवीतून त्याचीच सुई निघाली, बैलाची, जाड. श्यामरावनं ती त्याच्या उजव्या दंडात हाडापर्यंत घातली. लस संपेपर्यंत दट्ट्या दाबला.

"आता गाठ यायच्या आधीच डागतो तुले."

विळा टेकला. आपण ओरडतो आहोत की बैल, हे तुलारामला कळलं नाही.

दंड पिकला. भंडाऱ्याला दोनदा चिरावा लागला. तो हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही.

भादव्यात घटसर्प आला. शेजारच्या गावात लस पोचलीच नव्हती. तिथली ढोरं धानाच्या बांधीतच पडली. गिधाडांना कोणी हाकलत नव्हतं. श्यामरावचा डागलेला बैल आधीच गेला होता, गळ्यात किडे पडून. विळ्यातून सुटलेला दुसरा गोठ्यात उभा होता. टोचलेलं एकही ढोर घटसर्पानं मेलं नाही.

पुढच्या जेठात तुलारामनं त्याच टोलीवर डाव्या हातानं टोचलं. श्यामरावनं शिंगं धरली. गाठीचं या वेळी तुलारामनं घरोघरी सांगितलं, दोन-दोनदा.

तिसऱ्या दिवशी श्यामराव काठी घेऊन दवाखान्यात शिरला. घामानं निथळत. तुलाराम भिंतीला चिकटला. डावा हात डोक्यावर घेतला.

"डाक्टर," श्यामराव म्हणाला, "एकाले गाठच नाही आली जी. चला. पुन्हा टोचा."

तुलारामचा हात खाली यायला वेळ लागला.