बाबा आल्यावर जोडायची गाडी

माझ्या थोरल्या भावाच्या घरी एक कपाट आहे. ते उघडायचं असलं की दादा आधी हात धुऊन येतो. आत कपडे नाहीत, चांदीची भांडी नाहीत. आत खोकी आहेत. जुन्या मोटारींचे प्लॅस्टिकचे सुटे भाग भरलेली. ते डिंक लावून एकमेकांना जोडले की वीतभर लांबीची हुबेहूब मोटार तयार होते. आता तशी खोकी कुणी बनवत नाही, असं दादा सांगतो. खोक्यांवरची चित्रं मात्र अशी झोकदार, की बघणाऱ्याला वाटावं, या माणसाच्या घरी मोटारींचा ताफा उभा असणार. प्रत्यक्षात परवापरवापर्यंत दादाने एकही जोडलेली नव्हती. साधी चाकाची जोडीसुद्धा नाही.

याचं मूळ आमच्या बाबांत आहे. बाबा एका कारखान्याच्या मालकांची मोटार चालवायचे. काळी, लांब नाकाची, आतून चामड्याच्या वासाची. आम्हा भावंडांना तिच्यात बसायची परवानगी नव्हती, पुसायची होती. एकदा मालकांबरोबर दूरच्या शहरी गेले असताना बाबांना एका दुकानाच्या काचेत नेमक्या त्याच मोटारीचं खोकं दिसलं, ते त्यांनी दादासाठी आणलं. दादाने वरचा पातळ प्लॅस्टिकचा कागद फाडायला नख लावलं, एवढ्यात बाहेर मालकांचा निरोप्या आला. बाबांनी टोपी घातली आणि म्हणाले, "आपण दोघं मिळून जोडू. मी आल्यावर. तोवर हात लावू नकोस."

झालं. त्या दिवशी बाबा आले ते दादा झोपल्यावर. पुढच्या सुट्टीला मालकांकडे पाहुणे, त्याच्या पुढच्या सुट्टीला मालकीणबाईंना दवाखाना. ड्रायव्हरची सुट्टी ही मालकाच्या मर्जीवर असते, हे आमच्या घरात भिंतीवरच्या घड्याळाइतकं ठाऊक होतं. दादाने हट्ट केला नाही. बाबांनी विषय काढला नाही. नंतर दादाला मिसरूड फुटलं तेव्हा बाबांना वाटलं, आता पोराला खेळण्यात काय गोडी असणार. आणि दादाला वाटलं, बाबांनी म्हटल्याशिवाय आपण कसं म्हणायचं. दोघंही एकाच मातीचे, घुमे. घोंगडं भिजत पडलं ते पडलंच.

पुढे दादा कमावता झाल्यावर त्याने जुनी खोकी जमवायला सुरुवात केली. मी विचारलं, अरे, ही तरी जोड. तर म्हणाला, पहिली जोडल्याशिवाय दुसरीला हात कसा लावू? म्हणजे थोरलीचं लग्न अडलंय म्हणून सगळ्या धाकट्या घरात बसलेल्या.

बरं, हाताला कसब नाही म्हणावं तर तसंही नाही. दादा दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करतो. डॉक्टर रोग्याच्या तोंडाचा ठसा पाठवतात, दादा त्यात प्लास्टर ओतून जबडा उभा करतो, त्यावर मेण, मेणाच्या जागी गुलाबी हिरडी, हिरडीत दात. त्याने केलेली कवळी घालून लोक ऊस खात नसले तरी हसतात मोकळेपणी. गल्लीत त्याला कवळीवाला म्हणतात, आणि वहिनीची एकच तक्रार असते की घरी आणलेले जबडे जेवणाच्या टेबलावर ठेवू नयेत.

दोन-एक वर्षांपासून बाबांची स्मरणशक्ती विरत चाललीय. विरत हा माझा शब्द. मी शिवणकाम करते, कापड कसं विरतं ते मला माहीत आहे. मध्येच पातळ होतं, कडा मात्र शाबूत राहतात. बाबांना मोटारीचा नंबर आठवतो, कुठल्या पुलावर गिअर बदलायचा ते आठवतं. मला ते ओळखतात, कधी आईच्या नावाने का होईना. पण दादाला ते मेकॅनिक समजतात. दादाच्या बोटांना प्लास्टर असतं म्हणून असेल. तो चहा घेऊन गेला की बाबा विचारतात, "काय मिस्त्री, ब्रेक बघितलेत का?" दादा म्हणतो, बघितले. बाबा म्हणतात, छान.

एक दिवस वहिनीने झाडलोटीसाठी ते पहिलं खोकं काढून पलंगावर ठेवलं होतं. बाबा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग दादाला जवळ बोलावून, कुणाला सांगू नका अशा आवाजात म्हणाले, "मिस्त्री, ही माझ्या मुलाची गाडी आहे. जोडायची राहिलीय."

दादा ते सांगायला माझ्या दुकानात आला आणि मशीनशेजारच्या स्टुलावर बसला. मग म्हणाला, गाडी जोडून त्यांच्या हातात दिली तर कदाचित त्यांना मी आठवेन. मी म्हटलं, मग जोड की, अडलंय कुठे? तर म्हणतो, अगं, पण ती जोडायची राहिलीय म्हणूनच तर त्यांना मुलगा आठवतोय. जोडून टाकली की ते काम संपलं. मग कशावरून आठवतील?

मला गोष्टी कापून, शिवून, मोकळं व्हायची सवय. मी म्हटलं, कापड कपाटात ठेवून कुणाच्या अंगाला येत नाही. दादाचा एक खोकीवाला मित्र आहे, त्याला मी सीलबंद म्हणते. तो म्हणाला, वरचा कागद फाडलास की खोकं मातीमोल. वहिनीने माझीच फिरकी घेतली. म्हणाली, वन्सं, आईंनी दिलेलं ते निळं रेशमी कापड तुमच्या ट्रंकेत अजून तसंच आहे ना? त्याला कधी कात्री लावणार? दुसऱ्याला सांगायला काय जातं.

दादाचं तळ्यात-मळ्यात पुढे कितीतरी दिवस चाललं. शेवटी त्याने त्याच्या धंद्यातला तोडगा काढला. लॅबमध्ये एक नियम असतो: मूळ जबड्यावर कधी प्रयोग करायचा नाही. आधी त्याची प्रत काढायची, चुका तिच्यावर करायच्या. कारण रोग्याला पुन्हा पुन्हा 'आ' करायला सांगता येत नाही. म्हणजे प्रत्येक भागाचा ठसा घ्यायचा, एक नकली गाडी करायची, खरी परत खोक्यात. गाडी जोडलेलीही आणि राहिलेलीही. सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही. मला ही निव्वळ पळवाट वाटली, आणि तसं मी तोंडावर सांगितलं.

खोकं उघडायला त्याने मला बोलावलं. हात धुतले, स्वच्छ फडका पसरला, पात्याने कागद कापला. झाकण निघालं तेव्हा एक जुना, औषधासारखा वास आला. दादाने एक पिशवी उचलली, उजेडात धरली आणि त्याचा चेहरा उतरला.

टायर गाडीच्या बाकीच्या भागांना चिकटले होते. चिकटले म्हणजे रुतले होते. त्याने मला नंतर समजावलं: त्या काळचे टायर मऊ प्लॅस्टिकचे, ते वर्षानुवर्षं तेलासारखं काहीतरी सोडत राहतात, आणि शेजारचं कडक प्लॅस्टिक त्याने विरघळतं. समोरची काच एका टायरभोवती वाकून गेली होती. टपावर चाकाच्या आकाराचा खड्डा. कुणी हात लावला नव्हता, ऊन लागलं नव्हतं, धूळ बसली नव्हती. सगळं आतल्या आत झालं होतं.

मला रडू आलं आणि रागही आला. कुणाचा ते कळेना. बाबांचा, की मालकांचा, की या माझ्या आज्ञाधारक भावाचा? दादा टपावरच्या खड्ड्यावरून अंगठा फिरवत एवढंच म्हणाला, "मी तर जपून ठेवली होती गं."

त्यानंतर मात्र त्याने तळ्यात-मळ्यात सोडलं. लॅबमधून आल्यावर तो गाडीशी बसू लागला. टायर सोडवले, खड्डा भरला, पुढची काच कवळीच्या बिनरंगी मसाल्यातून नवी ओतली. नियम म्हणजे नियम. आधी नकली गाडी केलीच. लॅबमध्ये हिरडीचाच मसाला ढिगाने असतो, तेव्हा ती गाडी झाली हिरडीच्या रंगाची, आणि पुढची जाळी दाताच्या पांढऱ्या मसाल्याची. टेबलावर ठेवली तर ती आमच्याकडे बघून हसतेय असंच वाटायचं. वहिनी म्हणाली, हिला रात्री पाण्यात ठेवायचं ना? बाबांनी ती हातात घेतली, चाकं फिरवली, आणि मिस्त्रींना सभ्यपणे सांगितलं की काम चोख आहे, पण हा रंग मालकांना चालणार नाही.

मग सुट्टीच्या दिवशी सकाळी खरी गाडी जोडायला घेतली. बाबांना खिडकीशी बसवलं, पुढे टेबल. काळा रंग आधी देऊन सुकवलेला. दादा डिंक लावायचा, बाबा भाग धरायचे. मी उभी राहून बघत होते. बाबांची बोटं चमचा धरताना थरथरतात, पण दार कुठल्या अंगाने बसतं ते त्यांनी न सांगता बसवलं. आरसा लावताना म्हणाले, हा नेहमी ढिला पडतो. दादा दर थोड्या वेळाने भाग बाजूला ठेवून त्यांच्याकडे बघायचा. परीक्षेचा निकाल बघायला आलेल्या मुलासारखा. बाबा म्हणायचे, "हं, मिस्त्री, पुढचं."

टप बसला. काच बसली. चाकं लागली. मी मनात म्हटलं, झाली गाडी, आणि याच्या हाती काही लागलं नाही. तेवढ्यात दादा फडक्यावर काहीतरी शोधू लागला. स्टिअरिंग राहिलं होतं, शर्टाच्या बटणाएवढं. ते बाबांच्या चिमटीत होतं. केव्हापासून, कुणास ठाऊक.

दादाने हात पुढे केला. "द्या ना. शेवटचंच राहिलंय."

बाबांनी स्टिअरिंग खिशात टाकलं आणि खिशाचं बटण लावलं. मग त्यांनी दादाकडे पाहिलं. आधी त्याच्या बोटांकडे, मग वर, तोंडाकडे.

"आपण दोघं मिळून लावू," ते म्हणाले. "मी आल्यावर. तोवर हात लावू नकोस."

आणि उठून चपला शोधू लागले. वहिनीने त्यांना हाताला धरून गॅलरीत नेलं. तिथे ते गेले की बाहेर जाऊन आल्यासारखे शांत होतात.

मी वैतागले. इतकं करून गाडी पुन्हा अर्धवटच. मी म्हटलं, त्या गुलाबी गाडीचं स्टिअरिंग काढ आणि यात बसव, रंग दे काळा, त्यांना काय कळणार आहे? दादाने काळी गाडी उचलली, खोक्यात ठेवली, झाकण लावलं. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता, दोन्ही एकदम. मला कळेना की याला सावरावं की झापावं.

"अगं, मिस्त्रीला असं कोण सांगतं?" तो म्हणाला. "मिस्त्रीला तर हात लावायलाच बोलावतात."