लोंबतं टोक

नंदीश हत्तुरेला टॉवेलच्या कारखान्यात सगळे अण्णा म्हणायचे, आणि हे अण्णापण त्याने एकोणीस वर्षं राबून मिळवलं होतं. अक्कलकोटकडच्या गावातून आला तेव्हा तो मागावर उभा राहायचा. धागा तुटला की जोडायचा, सुटलेलं टोक दिसलं की बांधायचं, यात त्याची पहिली सात वर्षं गेली. मग वायरमनचा कोर्स केला आणि कारखान्याची वीज त्याच्या हातात आली. पुढे मालकांनी कॉम्प्युटरवर चालणारे सोळा माग आणले. ऑफिसातून मागांकडे डिझाइन नेणाऱ्या वायरीही त्यानेच ओढल्या. कुठली वायर कुठल्या खांबामागून कुठल्या मागाला जाते, हे कागदावर कुठेच नव्हतं. ते नंदीशच्या डोक्यात होतं, आणि तिथून ते बाहेर पडू नये याची तो काळजी घ्यायचा.

पंचाईत केली ती वैजयंतीने.

ही मोडनिंबची मुलगी चार वर्षांपूर्वी ऑफिसात टायपिंगला लागली. पहिल्याच दिवशी तिचा कॉम्प्युटर चालू होईना, तेव्हा टेबलाखाली शिरून वायर बसवणारा नंदीशच होता. पोरगी गुणाची आहे, असं तो तेव्हा घरी येऊन म्हणालाही होता. माणूस आपल्याखाली असेपर्यंत त्याचे गुण फार चटकन दिसतात. वैजयंतीने नोकरी सांभाळून नेटवर्कचा कोर्स केला, आणि बघता बघता कुणाचंही काही अडलं की लोक "मॅडमना विचारा" म्हणू लागले. हे दोन शब्द ऐकले की नंदीशच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

त्यात वायरी एकत्र जोडायची नवी पेटी आली, नेटवर्कचा स्विच. आजवर मागांच्या वायरी दोन साध्या पेट्यांमध्ये खोचलेल्या होत्या. वायर घातली की चालू, काढली की बंद, कुणाला काही विचारायची गरज नव्हती. हा स्विच मात्र चोवीस भोकांचा, आणि त्याला म्हणे स्वतःचं वेबपेज होतं. सोमवारी वैजयंतीने लॅपटॉपची वायर त्यात घातली, ब्राउझरमध्ये स्विचचा आकडा टाकला, पासवर्ड दिला, आणि पडद्यावर चोवीस भोकांचं चित्रच उघडलं. चालू ती हिरवी, रिकामी ती करडी.

"अण्णा, सात नंबरच्या भोकातली वायर कुठल्या मागाची ओ?"

"बघा की मॅडम. तुमच्या पडद्यावर सगळं दिसतंय म्हनं."

"हिरवं दिसतंय. मागाचं नाव कुठनं दिसंल? ते तुमालाच म्हाईत."

मालक शेजारीच उभे होते, त्यामुळे सांगणं भाग होतं. नंदीशने एकेक आकडा दात ओठ खात सांगितला आणि ती प्रत्येक भोकाला नाव देत गेली. माग एक, माग दोन, माग तीन. त्याच्या डोक्यातलं सगळं अर्ध्या तासात तिच्या पडद्यावर गेलं. मग त्याच स्विचमध्ये आलेल्या पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांच्या वायरी तिने मागांपासून वेगळ्या केल्या. म्हणजे एकही वायर जागची हलवली नाही, खुर्चीतून उठलीसुद्धा नाही, नुसतं बटण दाबून म्हणाली, "झाल्या वेगळ्या." आणि मालक म्हणाले, "वा!" मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर चढून नंदीशने केबल ओढली होती, तेव्हा मालकांना वा सुचलं नव्हतं.

दुखणं एवढंच नव्हतं. शेजारी नवी शेड उभी राहत होती आणि शनिवारी मालक तिचा इन्चार्ज ठरवणार होते. नावं दोनच होती. एक नंदीशचं, आणि दुसरं सांगायची गरज नाही.

"ती करती काय?" तो घरी ताटावर बसून बायकोला म्हणाला. "बोटानं टिचकी मारती. माज्या हाताचे घट्टे बघ."

"मग तुमीबी शिका की टिचकी मारायला," ईरम्मा म्हणाली. तो अर्ध्या ताटावरून उठला.

मंगळवारी सकाळी पहिल्या पाळीला आला, तर स्विचपाशी एक वायर लोंबत होती. वैजयंतीच्या लॅपटॉपची. तिने लॅपटॉप नेला होता, पण वायरीचं एक टोक स्विचमध्येच राहिलं होतं आणि दुसरं जमिनीपर्यंत आलेलं होतं. मागावर सात वर्षं काढलेल्या माणसाला हे बघवेना. कोर्स केला, पण शिस्त नाही, असं म्हणत त्याने ती वायर गुंडाळली, नेहमीसारखी वाया गेलेल्या सुताने आवळून बांधली, आणि मोकळं टोक शेजारच्या रिकाम्या भोकात खोचून टाकलं. मनाला बरं वाटलं. तो चहाला गेला.

परत येतो तर मागांचा आवाज बसत चाललेला. हातातलं डिझाइन संपेल तसा एकेक माग थांबत होता आणि नवं डिझाइन मिळत नव्हतं. ऑफिसचे कॉम्प्युटर अडकून पडले होते. मालक लाल झाले होते आणि वैजयंती समोर घामाघूम उभी होती. तिच्याच स्विचचं पेज तिला उघडत नव्हतं. नंदीशला मनातून उकळ्या फुटल्या. एवढा आनंद त्याला स्वतःची पोरगी दहावी झाली तेव्हाही झाला नव्हता.

"खुर्चीत बसून काम केल्यावर असंच व्हतंय, मालक," तो म्हणाला. "जुन्या पेट्या कदी बंद पडल्या व्हत्या का?"

वैजयंती स्विचपाशी गेली. वायर असलेल्या प्रत्येक भोकाचा दिवा वेड्यासारखा लुकलुकत होता. तिने एका वायरीवर बोट ठेवलं आणि ते सरकवत सरकवत दुसऱ्या टोकाला आली. दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये होती. तिने एक टोक उपसलं, आणि दिवे शांत झाले. पाच मिनिटांत पहिला माग सुरू झाला.

"काय होतं?" मालकांनी विचारलं.

"वायरीची दोनी टोकं एकाच स्विचमधी गेली की निरोप आतल्या आत फिरत ऱ्हातो. मग दुसऱ्या कशाला वाट मिळत न्हाय."

"कुणी घातलं असं?"

तिच्या हातात सुताची ती गाठ होती. कारखान्यात वायर सुताने बांधणारा माणूस एकच होता. तिने नंदीशकडे एकदा पाहिलं, सूत सोडलं, मुठीत धरलं आणि म्हणाली, "वायर माजी हाय. अशी चूक झाली तर स्विचनं ते भोक आपोआप बंद करायचं, असं सेटिंग असतंय. ते मी आज करनार व्हते, ऱ्हायलं. चूक माजीच."

"मग शनिवारपर्यंत थांबायचं काही कारण नाही," मालक म्हणाले. "नवी शेड नंदीश बघेल."

हवं होतं ते मिळालं. नंदीशला फक्त गप्प राहायचं होतं. पण त्याची नजर तिच्या आवळलेल्या मुठीवरून हटेना. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कामात ती वरचढ होतीच, आता मनानेही वरचढ ठरणार? रोज सकाळी त्या शेडमध्ये पाय टाकताना, हे मला हिने दिलं, असं म्हणत जायचं? त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"वायर मी खोचली, मालक!" तो जवळजवळ ओरडलाच. "तिनं न्हाय. मी."

मालक म्हणाले, "खोचली कुणीही असो, शोधली हिने." शेड वैजयंतीला मिळाली. नंदीशच्या पाठीवर मालकांनी स्वतः थाप मारली. हातातलं सोडून खरं बोलणारा माणूस आजकाल कुठे मिळतो, म्हणाले. आठवडाभर कारखान्यात तेच चाललं होतं. कँटीनवाल्याने चहा आधी त्याच्यापुढे ठेवला. ईरम्माने कुणाकडून तरी ऐकलं आणि त्या दिवशी गूळ घालून गव्हाची हुग्गी केली. जो तो त्याच्या सरळपणाची तारीफ करी आणि नंदीश मान खाली घालून ऐके. लोकांना तो विनय वाटे.

वैजयंतीने मात्र एका शब्दाने कौतुक केलं नाही. शनिवारी ती नव्या शेडच्या वायरींचे आकडे विचारायला आली आणि वही उघडता उघडता म्हणाली, "अण्णा, त्या दिवशी मालकाला का सांगितलंत?"

"तू दिलेलं नको व्हतं मला."

"मला वाटलंच," ती म्हणाली आणि आकडे लिहू लागली.

अख्ख्या कारखान्यात त्याला नीट ओळखणारं एकच माणूस निघालं, आणि तेही नेमकी हीच.