सुशीच्या हॉटेलातला शाकाहारी

आपा, येडशीच्या फाट्यावरून पुण्याची एसटी सुटली, तेव्हा अम्मी खिडकीचा गज धरून चार पावलं चालली. कपडे, पैसे, पत्ता, कशाबद्दलच बोलली नाही. "बाहर का पूछको खाना, बेटा. शरमाना नै," एवढंच म्हणाली. शेजारी तुम्ही हसत होतात. मीही हसलो. त्यात काय अवघड आहे, असं वाटलं होतं.

सुरुवातीला विचारायचो. मेसमध्ये, मॅनेजरच्या पार्टीत, ढाब्यावर: हलाल आहे का? कुणी वाईट बोललं नाही, हे खरं. पण वेटर आत जाऊन येईपर्यंत सगळं टेबल गप्प व्हायचं आणि हातातले घास थांबायचे. दुसऱ्याच वर्षी कंटाळून सांगून टाकलं, मी व्हेज आहे. तेव्हापासून अकरा वर्षं ऑफिसात मी शाकाहारी. लोक कौतुक करतात, आग्रहानं पनीर वाढतात. पनीरचा मला वीट आलाय. आपल्याकडून इकडं आलेल्या किती जणांनी हीच सोपी वाट धरली असेल, अल्ला जाणे.

खालानं माझ्या लग्नासाठी तेर गावच्या समीनाचं नाव सुचवलं. ती इथंच एका दवाखान्यात फार्मासिस्ट आहे. मोठ्यांच्या आधी आपण दोघंच भेटू, असं ती फोनवर म्हणाली. हॉटेल मी बघायचं. आठवडाभर शोधून मी एक महागडं जपानी हॉटेल ठरवलं, सुशीचं. तिला वाटलं असेल, पोरगा शौकीन दिसतो. कसला शौक! मासा कोंबडी-बकऱ्यासारखा अल्लाचं नाव घेऊन जबह करावा लागत नाही, म्हणून वेटरला काही विचारावं लागत नाही, इतकाच माझा हिशोब. पहिल्याच भेटीत मला ते गप्प झालेलं टेबल नको होतं.

रविवारी दुपारी आम्ही समोरासमोर बसलो. भाताचे छोटे मुटके आले, वर कच्च्या माशाचा काप. मी काड्या उचलल्या, तेवढ्यात समीनानं वेटरला हाक मारली. "दादा, ह्या भातात दारू-बिरू घालतेत का?"

शेजारची माणसं वळून बघू लागली. माझे कान तापले. वेटर आत जाऊन आला. भातातल्या व्हिनेगरमध्ये थोडी तांदळाची दारू असते, म्हणाला.

"मग न्हाय चालायचं," ती सहज म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "तुमी आधी इचारलं न्हवतं व्हय?"

मी खरं काय ते सांगून टाकलं, अगदी पनीरपर्यंत. ती हसली नाही, याचं बरं वाटलं. "लई थकलाव की तुमी," म्हणाली आणि मेनू स्वतःकडं ओढून एकेका पदार्थावर बोट ठेवत वेटरला विचारू लागली.

आपा, माझा होकार कळवा. येडशीला येतो तेव्हा चार दिवसांचा पाहुणा असतो, आणि इथली खोली नुसती झोपायला आहे. घर कुठं, असं कुणी विचारलं की मला चटकन सांगता येत नाही. त्या दुपारी मात्र माझ्या वाट्याचं दुसरं कुणीतरी विचारत होतं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी हॉटेलात खुर्चीला पाठ टेकून बसलो.