पटवाऱ्याचा फुकट नकाशा

मी आमच्या गावाचा नकाशा काढला आणि आठवडाभरात गावकऱ्यांना गाव सापडेनासं झालं.

गाव तेल्हाऱ्याजवळचं, काळ साठ सालच्या आसपासचा. मी शाळामास्तर आणि गावच्या वाचनालयाचा चिटणीस. अकोल्याहून महिन्यातून एकदा फिरता दवाखाना यायचा. दर खेपेला ड्रायव्हर नवा, त्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरं शोधण्यातच डॉक्टरांचा दिवस जायचा. एका बाळंतिणीपर्यंत ते पोचले तेव्हा बाळ रांगत होतं (हे आमच्या अध्यक्षांचं म्हणणं, थोडं वजा करून घ्या). तेव्हा वाचनालयाने गावाचा नकाशा लावायचा, असं ठरलं.

आता कोणता लावायचा? अमरावतीचा मोजणीदार बोलवावा, असं एक मत पडलं. त्याची फी ऐकून ते मांडणाऱ्यानेच मागे घेतलं. अकोल्याच्या दुकानात छापील नकाशा होता, पण त्यात आमच्या गावाच्या जागी छापणाऱ्याचं नाव होतं, आणि खाली नक्कल न करण्याची तंबी. राहिला पटवाऱ्याच्या दप्तरातला गावनकाशा. बघायला फुकट, उतरवून घ्यायलाही फुकट. मी ठासून सांगितलं की लहान संस्थेनं असाच नकाशा घ्यावा. कोणीही पाहावा, कोणीही उतरवून न्यावा, चूक दिसली तर कोणीही दुरुस्त करावी. ठराव एकमताने पास झाला (सभेला आम्ही चौघं होतो).

कागदाला गोडं तेल चोळून मी तो आरपार दिसेल असा केला, पटवाऱ्याच्या नकाशावर ठेवला आणि पेन्सिलीने सगळं गाव उतरवलं. घरी आणून शाईने गिरवलं, ठसठशीत नावं घातली आणि स्टँडसमोरच्या वाचनालयात टांगलं. शेजारी दोरीला पेन्सिल आणि खोडरबर.

पहिल्याच दिवशी एका शेतकऱ्यानं तक्रार केली की त्याचं घर नाल्याच्या भलत्याच अंगाला गेलंय. नकाशा वाचायलाही शिकावं लागतं, असं मी त्याला समजावलं. त्याने मान डोलावली आणि माझ्यादेखत घरावर पेन्सिलीने काट मारून ते पलीकडे काढलं. मग रोज कोणी ना कोणी यायचं आणि आपलं घर हलवायचं. शाळा दोन ठिकाणी झाली. नाला वर जाऊन पुन्हा खाली आला. मी मात्र खूष होतो. लोक केवढा रस घेताहेत!

त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीला, कमलला, पाहायला अकोल्याची मंडळी येणार होती. मुलगा भूमापन कचेरीत नोकरीला, स्थळ सगळ्यांच्या मनात भरलेलं. बाबांनी मला स्टँडवर घ्यायला जा म्हणून सांगितलं. मी साफ नकार दिला.

"मग नकाशा कशाले लावला?" मी म्हणालो. "पत्रातच कळवलंय. पाहून येतील."

बस वेळेवर आली. पोहे झाले, निवले, पुन्हा परतले. तासभर झाला तरी पाहुणे नाहीत. आई दारात, बाबा अंगणात. शेवटी नवी साडी नेसलेली कमल बाहेर आली.

"दादा, तुया नकाशात आपलं घर कुठी हाये?"

"शेवटच्या चौकातून उजव्या हाताच्या गल्लीत."

"डाव्या हाताच्या गल्लीत हाये आपलं घर. उजव्या हाताच्या गल्लीत कोंडवाडा हाये."

तिने चपला घातल्या. पाहायला येणाऱ्यांना मुलीनेच आणायला जाणं बरं दिसत नाही, असं आई म्हणाली. कमल म्हणाली, दादाला पाठवलं तर तोही हरवेल. ती निघाली आणि मी तिच्यामागे.

बाप-लेक खरोखरच कोंडवाड्यात होते, ओट्यावर चहा पीत. पुढे कमलच्या सासऱ्यांनी हा किस्सा इतक्यांदा सांगितला, की मला तो पाठ आहे. रखवालदाराने त्यांना विचारलं होतं, "काय सोडवाले आले, म्हैस का बैल?"

मुलगी पाहायला आलो, असं त्यांनी सांगितलं.

"पोरी इथं नसतात बाप्पा," रखवालदार म्हणाला, "पण बसा."

कमलने दोघांना नमस्कार केला. "मीच ते मुलगी," ती म्हणाली. "अन् नकाशा काढणारा हा माया भाऊ. त्याच्यावरून आमच्या घराले जोखू नका."

म्हातारे चहा सांडेपर्यंत हसले. मुलगा मात्र गंभीर होता. घरी येण्याआधी तो मला घेऊन पुन्हा वाचनालयात गेला, नकाशा खाली उतरवला, मागची बाजू पुढे केली आणि उजेडासमोर धरला. माझी ठसठशीत नावं उलटी झाली, पण रस्ते, नाला, घरं पटापट जागेवर बसली. लोकांनी हलवलेली घरं तेवढी चुकली.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "पेन्सिल एका बाजूनं अन् शाई दुसऱ्या बाजूनं मारली तुमी."

तेल लावलेला कागद दोन्हीकडून सारखाच दिसतो आणि भलत्या बाजूने गिरवलं की सगळं डावं उजवीकडे जातं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गावकरी बरोबर होते, आणि मी त्यांना नकाशा वाचायला शिकवत होतो.

घरी त्याने पोहे खाता खाताच नवा कागद मागितला. पुढच्या रविवारी पटवाऱ्याकडे बसून नकाशा पुन्हा उतरवला, तोही फुकट. त्या महिन्यात डॉक्टर दुपारच्या आत सगळ्या घरांना जाऊन आले. आणि नकाशाच्या निमित्ताने सलग तीन रविवार अकोल्याहून आमच्याकडे आलेल्या त्या मुलाला कमलने होकार दिला.

लग्नाची पत्रिका कमलने स्वतः लिहिली. खाली पत्त्याच्या जागी एकच ओळ होती: 'घर गावात कोणालाही विचारावे, मुलीच्या भावास विचारू नये.'