तुतवारीची हजेरी

दिल्लीत भर जुलैत परदेशी पाहुणे येतात असं सांगितलं की लोक हसतात. पक्षी थंडीत येतात, हे सगळ्यांना शाळेपासून पाठ. कूलरसमोर घाम पुसत बसलेल्या माणसाला तुम्ही सांगायचं, की सैबेरियातून निघालेली एक तुतवार काल गुडगावच्या पुढच्या तळ्यावर उतरली, तर तो म्हणणार अच्छा, आणि पुढची फाइल ओढणार. मला त्याचा राग येत नाही. राग माझाच येतो, आणि तो या मूठभर पक्ष्यापायी.

तुतवार मला दाखवली ती वरच्या मजल्यावरच्या काकांनी. आर. के. पुरमच्या आमच्या ब्लॉकमध्ये ते मुलाच्या क्वार्टरमध्ये राहत. स्वतः सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले, आणि सवय अशी की पक्ष्यांचीसुद्धा हजेरी घ्यायचे. ऑफिसात रद्दीत निघालेले कोरे हजेरीपट त्यांनी घरी आणले होते. डावीकडे पक्ष्यांची नावं, पुढे वर्षभराचे रविवार, दिसला की ‘ह’. सगळ्यांत खाली आणखी दोन नावं, त्यांचं आणि माझं. मी स्कूटर चालवायची, काका मागे दुर्बीण आणि छत्री घेऊन. जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या रविवारी चिखलाच्या कडेला शेपटी नाचवत ती एकटीच उभी दिसायची. माद्या पिल्लं नरांवर सोपवून आधी निघतात म्हणे. काका म्हणायचे, बघ, तुमची जात हुशार. आणि ‘ह’ लिहायचे.

मग त्याच तळ्याची फाइल पर्यावरण खात्यातल्या माझ्या टेबलावर आली. तळं संरक्षित यादीत घ्यावं असा गावकऱ्यांचा अर्ज होता. तो लिहून दिला होता काकांनी, दोन महिने खपून. स्थलांतरित पक्षी येतात का याची एकदा पाहणी व्हायची होती, तिच्यावर सगळं अवलंबून. तळं यादीत आलं नाही तर तिथे बिल्डरचे टॉवर उभे राहणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

त्याच आठवड्यात बदल्यांच्या यादीत माझं नाव लागलं. गुवाहाटी. मुलीचं बारावीचं वर्ष सुरू झालेलं, नवरा आधीच नागपूरला. बदली थांबवा म्हणून मी अर्ज दिला. साहेबांनी बोलावलं तेव्हा माझा अर्ज आणि तळ्याची फाइल दोन्ही त्यांच्यासमोर होती. बदलीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. नुसता माझा अर्ज उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ठेवला. मग म्हणाले, “मॅडम, इन्स्पेक्शन की डेट आप ही डाल दीजिए। आपको तो पता है, वहाँ कब क्या दिखता है।”

मला पता होतं. दिल्लीतल्या साऱ्या सरकारी कचेऱ्यांत ते माझ्याइतकं कुणाला पता नसेल. काकांच्या हजेरीपटात जूनचा तिसरा आठवडा वर्षानुवर्षं कोरा असायचा. थंडीतले पाहुणे केव्हाच गेलेले, परतीचे अजून वाटेत. मी फाइलवरच्या नोटिंगमध्ये जूनचा तिसरा आठवडा टाकला. आणखी तीन आठवडे पुढे ढकलायला माझी एक ओळ पुरली असती. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते खाताना कुंपणाला कसं वाटतं हे कोणी सांगत नाही. काही वाटत नाही. हात सराईतपणे लिहितो.

पाहणीला मीही गेले. भेगाळलेला चिखल, दहा-बारा म्हशी, चार टिटव्या. टिटव्यांनी ओरडून आकाश डोक्यावर घेतलं होतं, पण त्या इथल्याच, त्यांना कोण विचारतो. अहवालात लिहिलं, ‘स्थलांतरित पक्षी आढळले नाहीत.’ शब्द न् शब्द खरा होता.

बदली थांबली. मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला मी हे कधी सांगितलेलं नाही.

काकांनी एकदाच विचारलं, जिन्यात. “पाहणीची तारीख कुणी घातली गं?”

“साहेबांनी,” मी म्हटलं.

ज्या माणसाने पस्तीस वर्षं नोटिंग लिहिलं, त्याला साहेब तारखा घालत नसतात हे मी काय सांगणार? ते “बरं” म्हणाले आणि कठडा धरून वर गेले.

त्यानंतर रविवारी मला कामं निघू लागली. कधी मुलीचा क्लास, कधी पाठदुखी. काका मेट्रोने आणि पुढे ऑटोने एकटे जात. खाली उतरताना त्यांच्या छत्रीचा आवाज आला की मी स्वयंपाकघरात नळ सोडायची. तळ्यात मलबा पडायला लागल्याचं मला त्यांच्या सुनेकडून कळलं.

यंदा त्यांच्या मुलाची बदली झाली. सामान बांधलं जात असताना काका स्वतः खाली आले आणि शेवटच्या तीन वर्षांचे हजेरीपट माझ्या हातात दिले. तुझ्याकडे राहू दे, म्हणाले. चहाला थांबले नाहीत.

ते गेल्यावर उघडले. तळं बुजल्यावरही दोन वर्षं जुलैत तुतवारीपुढे ‘ह’ होता, शेजारी बारीक अक्षरात ‘टॉवरच्या खड्ड्यातल्या पाण्यावर’. यंदाचा रकाना कोरा. मग खाली माझं नाव शोधलं. न सांगता दांडी मारणाऱ्यापुढे काय लिहितात ते मला ठाऊक आहे, मी स्वतः लोकांपुढे लिहिलं आहे. तेच असणार म्हणून मन घट्ट केलं होतं. पण तीन वर्षांच्या प्रत्येक रविवारी, त्याच सुवाच्य अक्षरात, काकांनी लिहिलं होतं ‘रजा’.

रजेला अर्ज लागतो. मी तो एकदाही दिला नव्हता.