किती गरम म्हणजे शिजलं?

डबा खाताना कोणी नुसतं "आयझॅक काका" म्हटलं, की आमची अर्ध्या तासाची सुट्टी पाऊण तासावर जाते. मी नाशिकला अंबडच्या एका फॅक्टरीत क्वालिटीला आहे. आम्ही कांदा-लसूण सुकवतो, सूप पावडर करतो, बाहेरच्या देशात पाठवतो. किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. माणसं आणि मशिनं एका छपराखाली ठेवली की ते साठतच जातात. त्यातले काकांचे मी वेगळे काढून ठेवलेत.

*

काका म्हणजे कोशरचे इन्स्पेक्टर. माल ज्यू धर्माच्या नियमात बसतो की नाही, ते बघून सर्टिफिकेट देणारे. ते पहिल्यांदा येणार म्हणून आमच्या प्लांट मॅनेजर देशमुख साहेबांनी फर्मान काढलं, "परदेशी पाहुणे आहेत. सगळ्यांनी इंग्लिशच बोलायचं!" रिसेप्शनच्या पोरीने आरशासमोर वेलकमची प्रॅक्टिस केली.

गाडीतून साठीचे एक गृहस्थ उतरले. तिने सुरू केलं, "गुड मॉर्निंग सर, वेलकम टू..."

"अहो बाई, ते नंतर! आधी बाथरूम दाखवा. कसाऱ्यापासून धरून ठेवलंय!"

काका ठाण्याचे. घरात पिढ्यान् पिढ्या मराठीच.

*

मीटिंगमध्ये काकांनी समजावलं, "नको तो पदार्थ भांड्याला गार असताना लागला, तर बहुतेक वेळा धुतलं की जातो. गरम लागला, तर भांड्यात मुरतो. म्हणून गरम म्हणजे किती, हे महत्त्वाचं."

देशमुख साहेबांनी पेन काढलं. "किती डिग्री?"

"हात लावला आणि चटका बसून मागे आला, इतकं."

"हो, पण डिग्री किती?"

"जुन्या लोकांकडे थर्मामीटर कुठे होता? आता कोणी चाळीसच्या आसपास म्हणतं, कोणी सत्तरच्या पुढे. शंका आली की जे कडक, ते धरायचं."

"मग एसओपीत, कामाच्या नियमावलीत, काय लिहू?"

"लिहा, हात!"

*

बॉयलरवर सोनवणे. नांदगावकडचा माणूस, हाताला घट्टे. तो गरम पाइपावर तळवा ठेवून आरामात गप्पा मारतो. त्याने काकांना विचारलं, "सर, पण हात कुणाचा? माझा तर मागं येतच नाय."

काका खूश झाले. "अरे, हा प्रश्न आमच्या पंडितांनाही पडला होता! म्हणून त्यांनी दुसरी खूण सांगितली. तान्ह्या बाळाचं पोट भाजेल इतकं गरम."

सोनवणे एकदम गंभीर झाला. काका पुढच्या मशीनकडे गेल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, घरी तीन महिन्यांची नात हाय माझी. सर्टिफिकेट गेलं तरी चालंल, पण तिला मी इथं आणणार नाय!"

*

काका चहा घरून थर्मासमध्ये आणायचे, ग्लासही स्वतःचा. कॅन्टीनच्या लताबाईंना ते लागलं. "आमच्या कपाला काय झालंय?"

"कपाला काही नाही हो. भांड्यांचे आमचे नियम लय!" काकांनी त्यांना बसवून सांगितलं. शनिवारी त्यांच्यात काही शिजवायचं नाही. आधीपासून गरम ठेवलेलं पाणी वापरायचं. पण आचेवरचं ते पहिलं भांडं, त्यातलं पाणी अजून शिजवू शकतं. दुसऱ्या भांड्यात ओतलं की जरा सूट, तिसऱ्यात आणखी सूट.

लताबाईंनी बोटांवर मोजलं. "पातेलं, कप, बशी! म्हणजे आमचे हे बशीत ओतून फुर्रफुर्र करतात, ते तिसरं भांडं!"

"अगदी बरोबर! हे डोक्यात शिरायला मला दोन वर्षं लागली होती."

"काय उपयोग? मी वीस वर्षं त्यांना उगाच बोलले!"

*

मागच्या वर्षी मात्र सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सूपच्या मोठ्या केटलमध्ये कोणीतरी कोळंबीच्या सूपची ट्रायल घेतली होती. कोशरमध्ये कोळंबी अजिबात चालत नाही. केटल घासून दिवसभर रिकामी ठेवली. मग ती शुद्ध करायला काकांसमोर काठोकाठ पाणी भरून उकळायचं होतं. ते झाल्याशिवाय ऑर्डर निघणार नव्हती, आणि ऑर्डर हातची गेली तर एक शिफ्ट बंद होणार हे सगळ्यांना माहीत होतं.

पाणी तापलं. काटा अठ्ठ्याण्णववर गेला आणि तिथेच बसला. देशमुख साहेबांनी एसओपीत ठळक लिहिलं होतं, शंभर. थर्मामीटर बदलला, अठ्ठ्याण्णव. तिसरा आणला, अठ्ठ्याण्णव. वाफ वाढवली. पाणी भडाभडा उतू जात होतं, आमचे बूट भिजले, काटा ढिम्म! दोन तास. काका कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले.

शेवटी मीच गेले. "काका, शंभर होत नाहीये हो."

"उकळतंय ना?"

"कधीचं!"

"मग झालं की! मला वाटलं, तुमची काहीतरी टेस्ट चाललीय. आमच्याकडे उकळायला सांगितलंय. शंभर तुमच्या साहेबांनी सांगितलंय!"

सोनवणे हळूच म्हणाला, "आपण समुद्रापासून लय वर हाय, साहेब. हितं पाणी शंभराच्या आधीच उकळतं. बॉयलरच्या परीक्षेला शिकलो होतो."

साहेब लालबुंद झाले. "मग दोन तास तोंड शिवलं होतं का?"

सोनवण्याने टोपी काढली.

"मला वाटलं, देवाच्या कामाला पुरं शंभर लागत असंल."