वस्तीची पाळी शेवटी

"उठ वं खुर्चीवरून. डफडं तिथं हाये, घे."

ग्रामपंचायतीत पूर समितीची बैठक होती. पैनगंगेच्या पुलाच्या खांबावर लाल पट्टा मारला होता. पानी पट्ट्याले टेकलं की गावाले सांगाचं, एवढं ठरलं. सांगनार कोन, यावर बोलनं चाललं होतं. बौद्ध वस्तीकडून मी समितीत होती, म्हनून खुर्चीवर बसली. उपसरपंचानं डफडं पायानं माह्याकडं सरकवलं.

"तुह्या बापानं जलमभर दवंडी देल्ली. तुमचंच काम ते."

लोक हसले. ग्रामसेवक मोबाइलात पाहत राह्यला. माह्या अंगाची नुसती आग झाली.

बाप दवंडी देत होता, खरं हाये. पन कशी? पहिले वरच्या आळीत, मोठ्या घरांपुढं. मंग बाजारात. मंग खाली. वस्ती नदीले लागून, अन् वस्तीची पाळी सगळ्यात शेवटी. रीतच होती तशी. हुकूम त्यायचा, घसा आमचा.

मी लहान होती तवा पूर आलता. बाप वरच्या आळीत "पानी आलं होऽ" वरडून राह्यला होता, अन् इकडं पानी आमच्या चुलीत. आईनं मले छपराच्या कवेलूवर ढकललं. शेळी खुंट्यालेच मेली. बाप आला तो छातीएवढ्या पान्यातून. मी इचारलं, "बाबा, आपल्याले आधी काहून नाई सांगतलं?" तो रडाले लागला.

तेच आठवलं अन् मी उठली नाई. म्हनलं, "भाऊ, इशारा मी देईन. दवंडी नाई देनार. ग्रामपंचायतीच्या भोंग्याचा माइक माह्या हाती द्या. सुरुवात वस्तीपासून."

"लय शहानी झाली!"

"झाली."

त्यायनं माइक देल्ला नाई. मंग आम्ही बायांनी विहारावर आमचाच भोंगा अन् माइक बांधला, नदीकडं तोंड करून. पट्टा पाहाले पाळ्या लावल्या. भादव्यात भर दुपारी पानी टेकलं. मी वरडली, "लेकरं घ्या, म्हातारे घ्या, शाळेकडं निंघा!" वस्ती रिकामी झाली. मंग भोंगा गावाकडं फिरवला. कोनी मेलं नाई. वरच्या आळीतबी नाई.

दुसऱ्या दिवशी उपसरपंच विहारापाशी आला. म्हने, "आमाले न इचारता वरडाची हिंमत कशी झाली तुही?"

आता माह्यं नाव समितीतून काढाचं चाललं हाये. काढा ना! ज्याच्या दारात पानी आधी, त्याले मी आधी सांगीन. इचारनार कोनालेच नाई. समितीतून खुशाल काढा, माह्या हातातला माइक काढून दाखवा.